नंदीविशालची गोष्ट मुलांना सांगण्याची कृती

पोळा जवळ आला की मुलांना बैलाबद्दल काहीतरी सांगावं असं घरोघरी वाटतं. मग ‘बैल हा शेतकऱ्याचा मित्र’ या निबंधातल्या ओळी पुढे येतात आणि मूल दुसऱ्या ओळीला उठून जातं. त्याऐवजी एक गोष्ट सांगावी. ती पालीतल्या जातककथांमधली, म्हणजे बुद्धांच्या पूर्वजन्मांच्या कथांमधली आहे. ५४७ कथांच्या त्या संग्रहात तिचा क्रमांक २८. गोष्ट घडते तक्षशिलेत, म्हणजे आजच्या पाकिस्तानात रावळपिंडीजवळ ज्या नगराचे अवशेष आहेत तिथे. बैलाचं नाव नंदीविशाल.

जनावरांवर दया करा असं सांगणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. त्यांतलं जनावर बहुधा जखमी असतं, उपाशी असतं, कुणीतरी भला माणूस येण्याची वाट बघत असतं. नंदीविशाल तसा नाही. तो कामाचा बैल आहे, त्याला स्वतःची ताकद ठाऊक आहे आणि आपल्याशी कसं बोललं जातं हे तो नीट ऐकतो. मूलही दिवसभर मोठ्यांचं बोलणं असंच ऐकत असतं. म्हणून पाच वर्षांच्या मुलालाही ही गोष्ट समजावून द्यावी लागत नाही, सांगणाऱ्याने ती बिघडवली नाही म्हणजे झालं. ती बिघडते कुठे आणि सांभाळायची कशी, हे पुढे क्रमाने लिहिलं आहे.

साहित्य आणि वेळ

पाच-सहा मुलांसाठी: दोन-तीन मुठी चिकण माती, चिमूटभर पिंजलेला कापूस, दहा रिकाम्या काडेपेट्या, दोन हात सुतळी, वाळू, बारीक खडी, शेंगदाण्याएवढे गोटे, तीन सरळ काड्या, एक खडू आणि दोऱ्यात ओवलेली झेंडूची चार फुलं. मातीकाम एका संध्याकाळी करावं, गोष्ट दोन दिवसांनी सांगावी. गोष्टीला अर्धा तास लागतो. पाच ते दहा या वयाला ती सर्वांत चांगली लागते. मोठ्या मुलांसाठी काय वाढवायचं ते शेवटी आहे.

बैल करणं

बाजारात रंगवलेले मातीचे बैल मिळतात, विदर्भात तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी बैल घरात असतोच. तरी या गोष्टीसाठी बैल मुलांनी स्वतः करावा, कारण हाताने पाय लावलेले असले की ते पाय पुढे गोष्टीत कामाला येतात.

माती चाळून रात्रभर भिजत घालावी. दुसऱ्या दिवशी पाणी निथळून तिच्यात कापूस विस्कटून घालावा आणि चांगली मळावी. कापसामुळे वाळताना तडे कमी पडतात. आधी पोट, मग मान. मान जाड ठेवावी. मुलं मान बारीक आणि डोकं मोठं करतात. तेव्हा ‘जू कुठे बसणार?’ एवढंच विचारावं, ती आपोआप दुरुस्ती करतात. मानेच्या मागे वशिंड. वशिंड आणि मान यांच्यामधल्या खोलगट जागेवर मुलांचं बोट एकदा फिरवून घ्यावं, जुवाचा भार तिथेच येतो. चारही पाय आखूड आणि जाड करावेत, आत काडीचा तुकडा घालावा. शिंगांना बाभळीच्या काट्यांची जोडी शोभते, मात्र मुलं लहान असतील तर टोकं आधीच मोडून द्यावीत. बैल सावलीत वाळवावा. उन्हात घाई केली की पाय निखळतात.

बैलाला नाव द्यायची घाई करू देऊ नये. नाव गोष्टीतून येणार आहे.

गाड्या भरणं

गोष्टीत शंभर गाड्या आहेत. काडेपेट्या दहा घ्याव्यात आणि एक पेटी म्हणजे दहा गाड्या असं मुलांशी ठरवून टाकावं. आतल्या खणांत मुलांनीच भरती करावी: काहींत वाळू, काहींत खडी, काहींत गोटे. मूळ कथेत या तिन्ही वस्तू याच क्रमाने आल्या आहेत. मग सुतळीने पेट्या एकामागे एक बांधाव्यात.

यानंतर लगेच गोष्ट सुरू करण्याचा मोह होतो, तो आवरावा. प्रत्येक मुलाला आधी एकच भरलेली पेटी करंगळीने ओढायला लावावी, मग दोन, मग सगळ्या दहा. दहा पेट्या करंगळीने ओढताना सुतळी बोटात रुतते. मुलं बोट झटकतात, एकमेकांना दाखवतात. हे झाल्याशिवाय ‘शंभर गाड्या’ हा नुसता आकडा राहतो. पाच मिनिटं जातात, पण सगळ्या कृतीत ही पाच मिनिटं मला फार मोलाची वाटतात.

पहिली पेटी जिथे उभी आहे तिथे जमिनीवर खडूने आडवी रेघ मारून ठेवावी. रेघ कशासाठी हे सांगू नये.

गोष्ट: पहिला भाग

मुलांना अर्धगोल बसवावं, गाड्यांची ओळ मध्ये, बैल सांगणाऱ्याच्या मांडीवर. आणि सुरुवात करावी:

आटपाट नगर होतं. त्या नगराचं नाव तक्षशिला. तिथे एक ब्राह्मण राहायचा. एकदा त्याला दक्षिणा म्हणून एक वासरू मिळालं, एवढंसं, अजून नीट उभंही न राहणारं. ब्राह्मणाने त्याचं नाव ठेवलं नंदीविशाल. स्वतःच्या लेकरासारखं त्याला वाढवलं. स्वतः जी पेज खायचा ती त्याला द्यायचा, स्वतः जो भात खायचा तो त्याला द्यायचा. वासरू मोठं झालं. खोंड झालं. खोंडाचा बैल झाला. असा बैल, की साऱ्या जंबुद्वीपात त्याच्याएवढं ओझं ओढणारं दुसरं जनावर नव्हतं.

एक दिवस नंदीविशालच्या मनात आलं, या माणसाने मला किती कष्टाने वाढवलं. आता मी याच्यासाठी काहीतरी करीन. तो ब्राह्मणाला म्हणाला, ‘बाबा, ज्याच्याकडे पुष्कळ गुरं आहेत अशा एखाद्या सावकाराकडे जा. त्याला सांग, माझा बैल वाळूने भरलेल्या शंभर गाड्या एकटा ओढील. हजार नाण्यांची पैज लाव.’

इथे दोन गोष्टी सांभाळायच्या. पैज हा शब्द बऱ्याच पालकांना खटकतो आणि ते त्याजागी ‘स्पर्धा’ किंवा ‘बक्षीस’ घालतात. तसं करू नये. पैजेत ब्राह्मणाचं काहीतरी जाणार आहे, म्हणून पुढचा प्रसंग जिवाला लागतो. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची: पैजेची कल्पना बैलाची आहे. अनेक संक्षिप्त रूपांत ती ब्राह्मणाच्या तोंडी घातलेली दिसते, आणि तेवढ्या एका बदलाने नंदीविशालचं सगळं मोठेपण निघून जातं. मग तो राबवला जाणारा बैल उरतो. मूळ कथेत त्याने आपलं बळ आपल्या मर्जीने देऊ केलं आहे.

बैलाचं बोलणं सांगताना आवाज थोडा खाली आणि सावकाश ठेवावा. हंबरल्यासारखं, चित्रपटातल्या बोलक्या प्राण्यासारखं बोलू नये. मुलं खुदकन हसतील, पण पुढे तोच बैल दुखावणार आहे आणि त्या वेळी तो आवाज आड येईल.

पुढे:

ब्राह्मण सावकाराकडे गेला. बोलता बोलता विचारलं, ‘या गावात कुणाचे बैल सर्वांत ताकदीचे?’ सावकार म्हणाला, ‘माझेच. माझ्या बैलांची बरोबरी कोण करणार?’ ब्राह्मण म्हणाला, ‘माझा एक बैल शंभर गाड्या ओढतो.’ ‘असा बैल कुठे असतो?’ ‘माझ्या घरी आहे.’ झालं, हजार नाण्यांची पैज लागली.

शंभर गाड्या आणल्या. त्यांत वाळू भरली, खडी भरली, गोटे भरले. एकीला दुसरी, दुसरीला तिसरी, अशा सगळ्या बांधल्या. मग ब्राह्मणाने नंदीविशालला आंघोळ घातली. सुगंधी भात खाऊ घातला. गळ्यात माळ घातली. आणि त्याला एकट्याला सर्वांत पुढच्या गाडीला जुंपलं.

आंघोळ, भात आणि माळ

हे तीन शब्द सांगताना हातही चालवावेत. मातीच्या बैलाच्या पाठीवरून ओला कपडा फिरवल्याचा अभिनय, तोंडापुढे बोटाने घास, आणि झेंडूची माळ खरोखर गळ्यात. हळू, नीटनेटकं, पुन्हा जसंच्या तसं सांगता येईल अशा शब्दांत. कारण दुसऱ्या पैजेच्या वेळी हेच शब्द पुन्हा यायचे आहेत.

माझ्या मते अख्खी गोष्ट या ठिकाणी उभी आहे. पहिल्या दिवशी ब्राह्मणाने बैलासाठी काय कमी केलं होतं? न्हाऊ घातलं, खाऊ घातलं, सजवलं. पोळ्याच्या दिवशी आपण जे करतो ते सगळं केलं. तरीही तो हरला. मोठी माणसं गोष्ट घाईत सांगताना आंघोळ, भात, माळ दुसऱ्या वेळेसाठी राखून ठेवतात, कारण प्रेमाचा दिवस तो, असं त्यांना वाटतं. मग गोष्टीचा अर्थ ‘बैलाला चांगलं खायला द्या, तो काम करील’ एवढाच होतो. नंदीविशाल भातासाठी रुसलेला नव्हता.

हे मुलांना समजावून सांगू नये. दोन्ही वेळा तेच शब्द वापरले की कुणीतरी सात-आठ वर्षांचं मूल मध्येच म्हणतं, ‘पण हे तर आधी पण केलं होतं!’ तेवढ्यासाठीच हा खटाटोप.

गोष्ट: शिवी

ब्राह्मण गाडीच्या दांडीवर बसला. हातातली पराणी उगारली आणि ओरडला, ‘चल रे लबाडा! ओढ रे लबाडा!’

ओरडायचं म्हणजे खरोखर ओरडावं, एकदाच. आवाज मऊ केला तर बैलाचं दुखणं मुलांपर्यंत पोचत नाही. ‘लबाड’ हा शब्द पुरेसा आहे. ‘वेड्या’ म्हटलं तर ते लाडाचंही वाटतं, आणि खरी शिवी घातली तर मुलं शिवीतच अडकून बसतात.

ओरडून झाल्यावर थांबावं. बैल जमिनीवर ठेवावा आणि त्याचा एकेक पाय बोटाने दाबत सांगावं:

नंदीविशालच्या मनात आलं, मी लबाड नाही. हा मला लबाड का म्हणतो? आणि त्याने पुढचा एक पाय रोवला. पुढचा दुसरा पाय रोवला. मागचा एक. मागचा दुसरा. चार खांब रोवावेत तसे चार पाय. एक पाऊल हलला नाही.

आणि इथे खूप वेळ गप्प बसावं. मुलं चुळबुळ करतील, ‘मग?’ म्हणतील. सांगणाऱ्यालाच शांतता सहन होत नाही आणि तो ‘बघा हं, त्याला वाईट वाटलं’ असं बोलून जातो. ते बोलायचं नाही. कुणीतरी मूल स्वतःच म्हणेल. कुणीच म्हणालं नाही तरी चालेल.

गोष्ट: घरी

सावकाराने हजार नाणी घेतली. ब्राह्मण घरी आला आणि अंथरुणावर पडून राहिला. संध्याकाळी नंदीविशाल चरून परत आला. त्याने विचारलं, ‘बाबा, झोपलास का?’ ‘झोप कुठली येते? हजार नाणी गेली.’

तेव्हा नंदीविशाल म्हणाला, ‘बाबा, इतकी वर्षं मी तुझ्या घरात राहिलो. कधी एखादं मडकं फोडलं का?’

या प्रश्नापाशी मुलांकडे बघावं. ती ‘नाही!’ म्हणतात.

‘कधी कुणाला अंगाने रेटलं, चेंगरलं का?’ नाही. ‘नको तिथे कधी घाण केली का?’ इथे हशा पिकतो. पिकू द्यावा, आवाज बसेपर्यंत थांबावं, मग ब्राह्मणाचं उत्तर सांगावं: ‘नाही रे बाळा, कधीच नाही.’

‘मग तू मला लबाड का म्हणालास? चूक तुझी आहे, माझी नाही. जा, आता दोन हजारांची पैज लाव. फक्त मला पुन्हा लबाड म्हणू नकोस.’

‘चूक तुझी आहे’ हे वाक्य गाळू नये. लहानांच्या गोष्टीत जनावराने माणसाला असं तोंडावर सांगावं हे काही मोठ्यांना जड जातं आणि ते ‘मला जरा वाईट वाटलं’ असं मवाळ करतात. पण मुलांना नेमकं हेच ऐकायचं असतं. आणि ब्राह्मणही उलटून बोलत नाही, कारण सांगत बसत नाही. तो उठतो आणि पैज लावायला जातो. या कथेतला ब्राह्मण मला त्यासाठी आवडतो.

जू नीट बसवणं

आता दुसरी पैज. वाळू, खडी, गोटे; आंघोळ, भात, माळ; सगळं त्याच शब्दांत. आणि मग एक गोष्ट नवी, जी बहुतेक सांगणारे सोडून देतात.

जू दोन बैलांसाठी असतं. एका टोकाला एकच बैल जुंपला आणि तो ओढू लागला, तर जू फिरतं, कलतं, त्याच्या मानेवर घासतं आणि जोर वाया जातो. जातककथा सांगणाऱ्याने याचा विचार केला आहे. ब्राह्मणाने दुसऱ्या वेळी जू दांडीला पक्कं बांधलं, एका बाजूला नंदीविशालला जुंपलं, आणि मोकळ्या बाजूकडून चाकांच्या आसापर्यंत एक गुळगुळीत लाकूड आवळून बांधलं. जू ताठ झालं, इकडेतिकडे वळेना. दोघांच्या गाडीला एकटा बैल जोर लावू शकेल अशी सोय झाली.

हे तीन काड्यांनी करून दाखवावं. एक काडी दांडी म्हणून पहिल्या पेटीला बांधावी, दुसरी तिच्या टोकावर आडवी, हे जू. जुवाचं एकच टोक बोटाने पुढे ढकलायला सांगावं. जू गर्रकन फिरतं. मग तिसरी काडी जुवाच्या मोकळ्या टोकापासून पेटीच्या कोपऱ्यापर्यंत बांधावी आणि पुन्हा ढकलायला लावावं. जू सरळ राहतं, पेटी पुढे येते. ज्या मुलांना गोष्टीपेक्षा यंत्रांत रस असतो ती इथे जवळ सरकतात.

गोड बोलणं आणि नीट जुंपणं या दोन्ही गोष्टी कथेत एकाच दिवशी येतात, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. गोंजारायचं आणि जू मात्र वाकडं ठेवायचं, हे नंदीविशालच्या गोष्टीत बसत नाही.

गोष्ट: शेवट

ब्राह्मण दांडीवर बसला. त्याने नंदीविशालच्या पाठीवर हात ठेवला. हळूच म्हणाला, ‘चल माझ्या राजा. ओढ माझ्या राजा.’

आवाज खाली आणावा, इतका की मुलांना पुढे वाकून ऐकावं लागेल. आपल्या भागात बैलाला ज्या लाडक्या नावाने हाक मारतात ते इथे वापरायला हरकत नाही. राजा, सर्जा, जे जिभेवर असेल ते.

आणि नंदीविशालने एकच हिसका दिला. शंभर गाड्या निघाल्या. सर्वांत मागची गाडी तिथे येऊन थांबली, जिथे पहिली गाडी उभी होती.

आता खडूची रेघ. बैल एका मुलाच्या हातात द्यावा, सुतळी सगळ्यांनी मिळून धरावी आणि शेवटची पेटी रेघेवर येईपर्यंत ओढावी. पेटी रेघेच्या पुढे गेली, मागे राहिली यावर वाद होतो, तो मुलांना मिटवू द्यावा. मग एवढंच सांगावं: सावकाराने दोन हजार नाणी दिली. बघायला आलेल्या लोकांनीही नंदीविशालला पुष्कळ धन दिलं, ते त्याने ब्राह्मणाला देऊन टाकलं. गोष्ट संपली.

इथे उठावं. ‘मग काय शिकलो?’ हा प्रश्न विचारला की मुलं शिक्षकांना हवं असलेलं उत्तर देतात आणि गोष्ट त्या उत्तराखाली गाडली जाते.

मुलांचे प्रश्न

‘बैल खरंच बोलतो का?’ असं विचारलं तर ‘या गोष्टीत बोलतो’ म्हणावं, आणि खरा बैल काय काय करून सांगतो ते दाखवायचं कबूल करावं. ‘ब्राह्मणाने पराणी टोचली असती तर ओढलं असतं का?’ हा प्रश्न हमखास येतो. उत्तर देण्याऐवजी बैल पुन्हा हातात द्यावा आणि मुलालाच पुढे सांगायला लावावं. ‘दुसऱ्यांदाही नसतं ओढलं तर?’ याला माझ्याकडे उत्तर नाही, पण मुलं त्यावर फार छान बोलतात.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातली मुलं समोर असतील तर सगळी कृती उलटी करावी. थंडीचे महिने ती बैलांच्या शेजारी राहतात. बैल कधी अडतो, कशाने बुजतो, कुणाच्या हाकेला निघतो हे त्यांना सांगणाऱ्यापेक्षा जास्त माहीत असतं. शिवी येईपर्यंत गोष्ट सांगावी आणि विचारावं, ‘आता काय होईल?’ मग ऐकत बसावं.

खऱ्या बैलाकडे

गोष्टीनंतर आठवड्याच्या आत मुलांना एखाद्या बैलाजवळ न्यावं. सर्वांत चांगला दिवस पोळ्याच्या आदल्या दिवसाचा, खांदेमळणीचा. श्रावणी अमावास्येला पोळा, त्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचा खांदा गरम पाण्याने शेकतात, हळद आणि तूप किंवा तेल लावून चोळतात आणि उद्या जेवायला या असं आवतण देतात. पश्चिम महाराष्ट्रात जिथे बेंदूर करतात तिथे हा सण आषाढात येतो, तेव्हा तारीख गावच्या रीतीप्रमाणे विचारून घ्यावी.

बैलाचा मालक सोबत असल्याशिवाय मुलांना जवळ जाऊ देऊ नये. बैलाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे त्याला आजूबाजूचं खूप दिसतं पण अगदी पाठीमागचं दिसत नाही. मागून कधीच जाऊ नये. समोरून थोडं तिरकं, चालत, बोलत जावं. आधी मालकाने बैलाला नावाने हाक मारावी, मग मुलाने तीच हाक द्यावी. हात पुढे करून बैलाला वास घेऊ द्यावा. त्याने मान झटकली, फुरफुरला, पाय आपटला तर मागे सरकावं. मुलांना कबूल केलेलं ‘बैलाचं बोलणं’ ते हेच. तो शांत असेल तर तळहाताने मानेवर थोपटावं, मग मानेखालच्या लोंबत्या पोळीला हळूहळू खाजवावं. बहुतेक बैल मान लांब करतात, कान सैल सोडतात.

मग मालकाला विचारून खांदा दाखवावा. जू बसतं तिथले केस झडलेले असतात, कातडी जाड झालेली असते. सूज किंवा जखम असेल तर तिला खांदेसूज म्हणतात. ती बरी होईपर्यंत बैल जुंपायचा नसतो आणि गुरांच्या डॉक्टरांना दाखवायचा असतो. जोडीतला एक बैल बुटका असला, जू खडबडीत असलं, एका बाजूला कललं, की ते खांद्यावर घासत राहतं. काड्यांचं जू केलेल्या मुलांना हे लगेच कळतं.

मुलांना नंदीविशालसारखा भात खाऊ घालायचा असतो. एखादा घास ठीक. पण पोळ्याला कौतुकाने पोळ्या, भात, धान्य भरभरून चारल्यामुळे बैलांची पोटं बिघडतात, जिवावरही बेततं. मुलांच्या हातात हिरव्या चाऱ्याची पेंढी द्यावी. शिंगांना ऑइलपेंटऐवजी गेरू लावावा.

शहरात बैल नसेल तर दारावर येणारा नंदीबैल असतो, माल ओढणारा घोडा असतो, बांधकामावर विटा वाहणारी गाढवं असतात. जवळ जाण्याची रीत तीच: आधी मालकाला विचारायचं, मग आवाज द्यायचा, मग हात पुढे करायचा.

गोष्ट परत ऐकणं

दोन-तीन दिवसांनी मुलाला तीच गोष्ट आपल्याला किंवा धाकट्या भावंडाला सांगायला लावावी. चुका दुरुस्त करू नयेत. नाण्यांची गाडी होते, तक्षशिलेचं तालुक्याचं गाव होतं, काही बिघडत नाही. लक्ष ठेवावं ते शिवीवर. पुष्कळदा मूल ‘लबाड’ विसरतं आणि त्याजागी दुसराच शब्द घालतं: आळशी, मठ्ठ, बावळट. हे शब्द ते कुठून तरी ऐकून आलेलं असतं, कधी आपल्याच तोंडून. ‘असं नव्हतं ते’ म्हणून अडवू नये. गोष्ट पुरी होऊ द्यावी आणि तो शब्द आपण लक्षात ठेवावा.

मोठ्या मुलांसाठी

दहा वर्षांपुढच्या मुलांना गोष्टीच्या मागची गोष्ट सांगावी. श्रावस्तीजवळच्या जेतवनात सहा भिक्खूंचा एक गट इतर भल्या भिक्खूंना टाकून बोलायचा, हिणवायचा. ते कानावर आल्यावर बुद्धांनी ही कथा सांगितली, आणि शेवटी म्हणाले की तेव्हाचा ब्राह्मण म्हणजे आजचा माझा शिष्य आनंद, आणि नंदीविशाल मी. भिक्खूंच्या आचारनियमांच्या विनयपिटकातही, अपशब्दाच्या नियमापाशी, ही कथा येते. बोधिसत्त्वाने, म्हणजे पूर्वजन्मीच्या बुद्धांनी, बैलाचा जन्म घेतला होता हे ऐकल्यावर मुलांना पहिला भाग पुन्हा ऐकावासा वाटतो. मग पुन्हा सांगावा.

याच वयात कायदाही सांगता येतो, आणि तो त्यांना आवडतो, कारण तो तपासून बघता येतो. ओझ्याच्या जनावरांसाठी केंद्र सरकारचे १९६५ चे नियम आहेत. दिवसात एकूण ९ तासांहून जास्त काम नाही, सलग ५ तासांहून जास्त नाही, आणि जिथे तापमान ३७ अंश सेल्सियसच्या वर जातं तिथे दुपारी १२ ते ३ जुंपायचं नाही. खिळे लावलेली काठी वापरायला मनाई आहे. म्हणजे ब्राह्मणाने उगारलेली, टोकाला खिळा असलेली पराणी आज बेकायदा ठरली असती. ओळखीच्या एखाद्या गाडीवानाची परवानगी घेऊन मुलांनी एक दिवस बैल कधी जुंपले, कधी सोडले, पाणी कधी दाखवलं ते वहीत मांडावं. वही आधी गाडीवानालाच दाखवावी. पाण्याच्या वेळा त्याला सांगून बदलता येतात, कामाचे तास बदलणं पुष्कळदा त्याच्याही हातात नसतं. ते का, हे मुलांनी त्यालाच विचारावं.

पुढच्या गोष्टीसाठी तीच माती चालते. बैल पाण्यात भिजत घालावा, कापूस न काढता माती पुन्हा मळावी, या वेळी कान लांब करावेत आणि वशिंड गाळावं. पैठणच्या एकनाथांनी रामेश्वराला नेण्याची गंगेची कावड वाटेत तहानेल्या गाढवाच्या तोंडात रिती केली, ती गोष्ट घ्यावी. तिला गाड्या लागत नाहीत. एक काडी, दोन टोपणं आणि वाटीभर पाणी पुरतं.